शेवटचे दोन आकडे

"नंबर कुठे आहे?" शैला ओव्हाळने विचारले.

"चौथा," श्रीनिवास मेहेंदळे म्हणाले. "दीड तास झाला, अजून चौथाच आहे."

रांगेतले दोघेतिघे हसले. शैला हसली नाही. तिने टेबलावरचा दिवा पुढे ओढला, रिकामे केलेले रिव्हॉल्व्हर कुशीवर वळवले आणि सिलिंडरच्या खालच्या पट्टीवर पुन्हा एकदा भिंग धरले. कारखान्याने ठोकलेला सहा आकडी क्रमांक तिथे असायला हवा होता. तीन आणि एक हे आकडे दिसत होते. त्यापुढे आठाचे असावे असे एक वरचे वळण होते. त्याच्या पुढे काहीच नव्हते. होते ते गुळगुळीत, चकचकीत पोलाद, आणि त्यात तिला स्वतःच्या बोटाचे टोक दिसत होते.

तारीख २१ ऑक्टोबर २०२४, वार सोमवार. विधानसभेची आचारसंहिता लागून सहा दिवस झाले होते आणि पुण्याच्या मध्यवस्तीतल्या त्या ठाण्यात परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याचे काम चालू होते. काम सरळ होते. ज्याला नोटीस गेली आहे त्याने परवाना आणि शस्त्र टेबलावर ठेवायचे. हवालदाराने बनावट, बोअर आणि क्रमांक नोंदवहीत उतरवायचा, समोर 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली' असे लिहून सही करायची, पावती द्यायची. शस्त्र मुद्देमाल खोलीत जायचे आणि निवडणूक आटोपली की पावतीवर परत मिळायचे. लोकसभेच्या वेळी, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, याच टेबलावर हेच काम शैलानेच केले होते.

शेजारच्या खुर्चीवर पावत्या फाडणारे हवालदार बाबुराव शिंगटे निवृत्तीला सात महिने उरलेले गृहस्थ होते. त्यांनी मान लांब करून पाहिले आणि आवाज खाली आणला.

"परवान्यावर आहेत ना सहाच्या सहा? घे उतरवून. महिन्याभराने म्हातारा घेऊन जाईल. आपल्याला काय त्या यंत्राची पत्रिका जुळवायचीय?"

शैलाने पेन खाली ठेवले. "काका, हे कुणी घासलंय?"

"मी. आणि मी तुमचा काका नाही." मेहेंदळ्यांनी चष्मा वर सरकवला. "स्वच्छता पाळणं हल्ली गुन्ह्यात बसतं का?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारले होते. उत्तर खरोखरच 'हो' असू शकते हे तिथे फक्त शैलाला ठाऊक होते.

शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम तिला तोंडपाठ होते, कारण ते लहान आहे आणि त्यात पळवाट जवळपास नाही. बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह कुणीही पुसायचे नाही, काढायचे नाही, बदलायचे नाही, खोटे उमटवायचे नाही. इथपर्यंत कुणालाही पटेल. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या भागात कायदा उलट्या बाजूने चालू लागतो. ज्याच्या ताब्यात असे शस्त्र सापडेल त्यानेच ते चिन्ह खोडले असे धरून चालायचे. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. इतर गुन्ह्यांत पोलिसांनी पुरावा आणायचा असतो. इथे टेबलापलीकडच्या माणसाने आणायचा. शिक्षा काही वर्षांच्या कैदेची. मेहेंदळ्यांचे वय शहात्तर होते.

तिने रिव्हॉल्व्हर कापडावर ठेवले, बाबुरावांना रांग सांभाळायला सांगितले आणि ती आतल्या खोलीत गेली.

शैला चव्वेचाळीस वर्षांची. बावीस वर्षे नोकरी झालेली, त्यांतली अकरा कागदांच्या जागी. वरिष्ठ तिला टेबलावर बसवत, कारण तिच्या नोंदीत खाडाखोड नसे. आणि सहकारी तिच्या टेबलाला कंटाळत, कारण तिथे रांग पुढे सरकत नसे. ती येरवड्यात जन्मली, येरवड्यातच राहिली. नवरा बुद्धभूषण वीज मंडळात तंत्रज्ञ, मुलगी पूर्वा कर्वेनगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वडील संभाजी साळवे सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. राजपत्रातली कोष्टके तपासायचे काम त्यांच्याकडे असे: जमिनींचे गट क्रमांक, परीक्षांचे आसन क्रमांक, सेवाज्येष्ठतेच्या याद्या. त्या छापखान्यात एका आकड्याच्या चुकीने एखाद्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढू शकत असे. शब्द चुकला तर पुढचामागचा शब्द चुगली करतो, आकडा चुकला तर कुणीच करत नाही, असे ते म्हणत. शाळेत असताना शैला त्यांच्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि ते छापील प्रतीतल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने एकेक ठिपका देत जायचे. तिने घाईने दोन आकडे एकदम उच्चारले की ते पेन्सिल उचलून धरत. "आकडा वाचायचा, शैले. ओळखायचा नाही."

पोलीस निरीक्षक पृथ्वीराज जाचक यांनी शस्त्र स्वतः भिंगाखाली पाहिले. जाचक उतावळे अधिकारी नव्हते. पण गेल्या दोन महिन्यांत ठाण्याच्या हद्दीत नंबर घासलेली दोन पिस्तुले हाती लागली होती, वरून विचारणा होत होती, आणि आता चालत आलेले तिसरे शस्त्र टेबलावर पडले होते.

"म्हाताऱ्यावर माझा संशय नाही," ते म्हणाले. "पण माझ्या संशयाला इथे जागाच नाही. कायद्यानं तो आधीच धरून ठेवलाय. एप्रिलची नोंद आणा."

शैलाने नोंदवही आणली. २ एप्रिल, मंगळवार, अनुक्रमांक एकोणतीस. मेहेंदळे श्रीनिवास गोविंद, नारायण पेठ, विलायती बनावटीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर, क्रमांक ३१८६४७. समोर खात्रीचे वाक्य आणि सही. अक्षर तिचे, सही तिची. जूनमध्ये शस्त्र परत दिल्याची नोंद शेजारीच होती.

जाचकांनी ओळीवर बोट ठेवले. "म्हणजे एप्रिलमध्ये नंबर पूर्ण होता."

तेव्हा तिला ते दिसले. ३, १, ८, ६ या चार आकड्यांखाली पेनाचे चार बारीक ठिपके होते. ४ आणि ७ यांच्याखाली काहीच नव्हते.

"नोंद तशी आहे, सर," शैला म्हणाली.

तिच्या उत्तरात एकही खोटा शब्द नव्हता. बावीस वर्षे जबाब लिहून घेतल्यामुळे अशी उत्तरे तिला दुरून ओळखू येत. खरे बोलायचे नाही आणि खोट्यात अडकायचेही नाही अशा वेळी माणसे असे बोलतात. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटे झाली होती.

"मग हिशोब सोपा आहे," जाचक म्हणाले. "जूनमध्ये पूर्ण नंबरासकट त्यांच्या हातात दिलं. ऑक्टोबरमध्ये नंबराशिवाय आणलं. मधले चार महिने शस्त्र त्यांच्याच घरात. पंच बोलवा. साडेचारपर्यंत फिर्याद तयार करू. त्यांना बसवून ठेवा, पाणी वगैरे विचारा."

ती नोंदवही छातीशी धरून बाहेर आली आणि टेबलाशी न जाता अभिलेख खोलीत गेली.

ठिपक्यांचा अर्थ ठाण्यात कुणालाच माहीत नव्हता. बाबुराव त्यांना 'ओव्हाळबाईंच्या मुंग्या' म्हणत. नियमात त्यांना जागा नव्हती, सहीसारखे त्यांना वजन नव्हते. तिने वडिलांची ती सवय पेनासकट पुढे चालवली होती, एवढेच. आकडा धातूवर वाचला की नोंदीत त्याच्याखाली ठिपका. म्हणजे २ एप्रिलला तिने धातूवर चारच आकडे वाचले होते आणि शेवटचे दोन परवान्यावरून उचलले होते. वर लिहिले होते, प्रत्यक्ष पाहून खात्री केली.

ती इतक्या सहज हे मान्य करणारी नव्हती. ठिपके द्यायचे राहून गेले असतील, ही शक्यता तिने आधी तपासली. त्या दिवसाच्या चौतीस नोंदी तिने एकेक करून पाहिल्या. तेहतीस नोंदींत प्रत्येक आकड्याखाली ठिपका होता. तेव्हा विसर नव्हता. त्या संध्याकाळचे काही आठवते का हे पाहिले. वेळ पाच चाळीस लिहिली होती. दिवा कमी असेल, डोळे शिणले असतील, मेहेंदळ्यांनी काहीतरी टोचून बोलून घाई केली असेल. असेल, असेल. यातले एकही कारण तिला आठवत नव्हते, आणि न आठवणारे कारण स्वतःला पुरवणे तिला पटेना. उरले ते एवढेच की एप्रिलमध्ये शेवटचे दोन आकडे वाचता येत नव्हते, आणि ते तिला त्याच क्षणी कळले होते; कळले नसते तर ठिपके पडले असते.

याचा अर्थ स्पष्ट होता. क्रमांक जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत एकाएकी घालवलेला नव्हता. तो आधीपासून, हळूहळू जात होता. म्हाताऱ्याच्या बाजूने बोलणारा हा एकच पुरावा होता, आणि तो दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हता. तो वाचून दाखवायचा तर खात्रीचे वाक्य खोटे होते हे सांगावे लागणार. डिसेंबरमध्ये सहायक उपनिरीक्षकपदाच्या बढतीची यादी निघायची होती. चार वर्षे थांबून यंदा तिचे नाव त्यात वरच्या दहांत आले होते.

तिने बुद्धभूषणला फोन लावला. तो खांबावर होता, खालून कुणीतरी ओरडत होते. काय झाले, असे त्याने दोनदा विचारले. पाणी आले होते का सकाळी, असे विचारून तिने फोन ठेवला.

बाहेर बाकावर आता मेहेंदळ्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी हेमाताई बसल्या होत्या. गोळ्यांची डबी आणि पोळीभाजीचा डबा घेऊन त्या पायीच आल्या होत्या. मेहेंदळे डबा उघडू देत नव्हते. पोलिसांच्या बाकावर बसून जेवायला आपण काही पाकीटमार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोष्ट गंभीर आहे हे एव्हाना त्यांना कळले होते, कारण त्यांनी आवाज चढवणे सोडून दिले होते.

शैला समोर स्टूल ओढून बसली आणि तिने पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. मेहेंदळ्यांची लक्ष्मी रस्त्याला लहानशी सराफी पेढी होती. साताऱ्या-कोल्हापूरकडे माल घेऊन जावे लागे, म्हणून १९७९ साली परवाना काढला. गोळी आयुष्यात एकदाच झाडली, तीही विकणाऱ्याच्या समोर, चाचणीपुरती. पेढी बंद होऊन पंधरा वर्षे झाली. शस्त्र कपाटात, आणि वर्षातून एकदा बाहेर.

"एकदा म्हणजे कधी?"

"खंडेनवमीला," हेमाताई म्हणाल्या. "पूजेला. आदल्या दिवशी घासतात ते. पेढीचा तराजू, अडकित्ता, विळी आणि ते. सगळं चिंचेनं."

"चिंचेनं आणि रांगोळीनं," मेहेंदळ्यांनी दुरुस्ती केली. "नुसत्या चिंचेनं काळं जात नाही."

शैलाच्या घरी खंडेनवमी नव्हती. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात दसरा म्हणजे पांढरी साडी नेसून विहारात जाण्याचा दिवस. ठाण्यात दसऱ्याला शस्त्रांची पूजा व्हायची तेव्हा ती बाहेरचा बंदोबस्त मागून घेऊन निघून जात असे. कुणी कारण विचारत नसे, तीही सांगत नसे. त्यामुळे एक गोष्ट तिने वर्षानुवर्षे पाहूनही तिचे कारण शोधले नव्हते. विधानसभेची निवडणूक दर खेपेला ऑक्टोबरच्या सुमारास येते, आणि त्या वेळी जमा होणारी शस्त्रे एप्रिलमधल्या शस्त्रांपेक्षा चकचकीत असतात. ट्रिगरभोवतीच्या कडीच्या आतल्या कोपऱ्यात सकाळी तिला तांबूस असे काही दिसले होते. तो गंज असावा असे धरून ती पुढे गेली होती. ते कुंकू होते.

"चिंचेनं आणि रांगोळीनं नंबर जात नाही," ती म्हणाली. "पोलाद आहे ते."

मग हेमाताई नवऱ्याकडे न पाहता बोलल्या.

"त्या खाचांमधे मळ बसतो म्हणून ते सुईनं कोरून काढायचे आणि वरून घासायचे. मी सांगत होते, अहो, झिजेल. म्हणाले, समई नाहीये पितळेची. यंदा तर काचकागद घेऊन बसले. दोन दिवस."

"कारण यंदा गंज चढला होता," मेहेंदळे म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं माझ्या कपाटात एक ठिपका नाही गंजाचा. तुमच्या खोलीत दोन महिने राहिलं आणि जूनमध्ये खरजुल्यासारखं परत आलं. तुम्हाला नंबर हवा होता तर जरा तेल लावून ठेवायचंत."

'ठिपका' हा शब्द ऐकताना शैलाची नजर पायाशी गेली.

त्यांच्या बोलण्यावर तिने लगेच विश्वास ठेवला नाही. कुंकवाने एवढेच सिद्ध होत होते की पूजा झाली; ज्याला नंबर घालवायचा आहे त्यालाही कुंकू वाहता येते. बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणार, तेही धरून चालायला हवे. न्यायालयात सरकारी वकील हेच म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. 'सहज झिजला' आणि 'मुद्दाम घासला' या दोहोंतला फरक माणसाच्या मनात असतो, आणि मनाची नोंदवही नसते. मात्र शेवटचे दोन आकडे एप्रिलमध्येच गेलेले असतील, तर काचकागदाची गोष्ट ही गुन्हा लपवायला रचलेली कथा राहत नाही. मग ते पंचेचाळीस वर्षांच्या कामाचे शेवटचे दोन दिवस होते. हे सांगू शकणारी एकच व्यक्ती स्टुलावर बसली होती.

ती उठून टेबलाशी गेली. दोन वाजले. पुढच्या माणसाची दुनळी बंदूक तिने घेतली, क्रमांक वाचला, लिहिला. ठिपके देताना पेन अडखळले. अडीच वाजता पंच आले, पंचनामा झाला, रिव्हॉल्व्हर पाकिटात गेले, लाख वितळली. मेहेंदळ्यांनी पंचनामा सबंध वाचून त्यात दोन ठिकाणी 'मेहेंदळे'ची राहिलेली मात्रा घालून मागितली आणि मगच सही केली. सही करताना मात्र हेमाताईंना कागद धरून ठेवावा लागला. तीन वाजले. एकदा ती उठली, जाचकांच्या दारापर्यंत गेली, आत फोन चालू आहे असे पाहून परतली. फोन संपल्याचे तिला बाहेरूनही ऐकू आले. तरी ती बसून राहिली.

बाबुरावांनी तिच्याकडे पाहिले. "सकाळी ऐकलं असतंस माझं, तर म्हातारा आत्ता घरी झोपला असता."

ते खरे होते. पण एप्रिलमध्ये तिने नेमके तेच केले होते. बाबुरावांचा सल्ला त्यांनी देण्याच्या सहा महिने आधी तिने पाळला होता, आणि आज म्हातारा बाकावर होता तो त्यामुळेच. हे लक्षात आले तेव्हा चार वाजत आले होते. आतून टंकलेखनाचा आवाज येऊ लागला होता.

ती नोंदवही घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतले.

"सर, एप्रिलची नोंद चुकीची आहे. शेवटचे दोन आकडे मी शस्त्रावर वाचलेले नाहीत. परवान्यावरून घेतलेत."

जाचकांनी टंकलेखकाला हाताने थांबवले आणि बाहेर जायला सांगितले. मग नोंदवही स्वतःकडे वळवून घेतली. तिने ठिपके दाखवले, तेहतीस नोंदी दाखवल्या, वडिलांबद्दल दोन वाक्यांत सांगितले.

"या ठिपक्यांना कायद्यात काही अर्थ नाही, ओव्हाळ."

"नाही सर. म्हणून तो जबाबात लिहावा लागेल."

"तुम्ही हे मला दुपारी एक वाजता सांगितलं नाहीत."

"नाही सर."

"आणि आत्ता नसतं सांगितलं, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

जाचकांनी खुर्ची मागे सरकवली. डिसेंबरची यादी त्यांनाही माहीत होती. शिफारस त्यांचीच होती. ते म्हणाले, "नीट ऐका. त्या म्हाताऱ्याचा वकील हे ना ते शोधेलच. प्रयोगशाळेचा अहवाल येईल. खटल्यात कदाचित सुटतील ते."

"कदाचित," शैला म्हणाली. "किती वर्षांनी?"

त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "एकदा लिहिलंत की मला ते खोडता येणार नाही. तुम्हालाही नाही."

तिने लिहिले. पाऊण पान झाले. कुठेही कारण दिले नाही. कारण आठवत नाही, असे मात्र एका ओळीत नोंदवले. मग लाल पेनाने एप्रिलच्या नोंदीच्या समासात लिहिले: 'क्रमांकातील शेवटचे दोन आकडे शस्त्रावर वाचलेले नसून परवान्यावरून घेतलेले आहेत.' खाली सही, आणि तारीख त्या दिवसाची, एकवीस ऑक्टोबर. मूळ ओळीला तिने हात लावला नाही.

फिर्याद त्या दिवशी नोंदवली गेली नाही. स्टेशन डायरीत नोंद झाली, सीलबंद शस्त्र तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवायचे ठरले, आणि मेहेंदळ्यांना बोलावणे येईल तेव्हा हजर राहण्याची नोटीस देऊन घरी सोडायचे ठरले. पुढे मार्चमध्ये अहवाल आला. आम्ल लावून पट्टीच्या पृष्ठभागाखाली दबलेले पहिले चार आकडे वर आणता आले होते. शेवटच्या दोन जागी धातू इतका खोल झिजला होता की तिथे काहीच उमटले नाही, आणि ही झीज एका वेळची नसून दीर्घकाळ होत आलेली आहे, असे मत नोंदवलेले होते. गुन्हा दाखल न करता प्रकरण मिटवण्यात आले, मेहेंदळ्यांनी परवाना परत केला. डिसेंबरच्या यादीत शैलाचे नाव नव्हते. तिला ठपक्याचे पत्र मिळाले आणि शस्त्रांच्या टेबलावरून काढून तिला पारपत्र पडताळणीला बसवण्यात आले. तिने खुलासा एका ओळीत दिला: मजकूर मान्य आहे.

पण त्या सोमवारी संध्याकाळी सहाला यातले काहीच घडलेले नव्हते. नोटिशीवर सही घ्यायला शैला बाकाशी आली तेव्हा हेमाताई डबा पिशवीत घालत होत्या. तो उघडलेला नव्हता. जाचकांनी मेहेंदळ्यांना आत बोलावून सगळे समजावून सांगितले होते, ठिपक्यांसकट.

मेहेंदळ्यांनी नोटीस वाचली. या वेळी एकही चूक काढली नाही.

"म्हणजे चूक तुमचीही होती," ते म्हणाले.

"हो."

"मग मला सकाळपासून इथं कशाला बसवलंत?"

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"कधी कळलं?"

बाबुराव पावत्यांच्या पुस्तकात पाहत होते. शैलाला नोंद तशी आहे असे काहीतरी पुन्हा म्हणता आले असते.

"एक वाजता," ती म्हणाली. "सांगायला चार वाजले."

मेहेंदळ्यांनी तोंड उघडले. त्यांच्याजवळ काहीतरी तयार होते हे हेमाताईंनी ओळखले असावे, कारण त्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी पेन मागून घेतले आणि नोटिशीच्या खाली सही केली. सहीखाली तारीख घातली. तारखेपुढे वेळ घालायची रीत नव्हती, तरी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती घातली, सहा वाजून दहा मिनिटे, आणि कागद तिच्या हातात दिला.